एका चार्जिंगवर वर्षावास

सिद्धोधन गुरुजींच्या दिवसात बोलण्याचा तास एकच असायचा, आणि तोसुद्धा वर्षातले तीनच महिने. एरवी तोंड उघडायचं ते चहाला आणि भाकरीला. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घसा फोडून पाढे म्हणवून घेतलेल्या माणसावर ही पाळी यावी, याचं गावात कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. कारण गुरुजी भेटले की हसायचे, जयभीम घालायचे आणि "मजेत हाय" म्हणायचे. मजेत असलेल्या माणसाच्या दारी कोण कशाला जाईल?

घर परभणीकडं, झरीच्या पुढच्या एका लहानशा गावात, भीमनगर वस्तीच्या अगदी टोकाला. पुढं ओढा आणि ओढ्यापलीकडं तुरीची रानं. बायको कुसुमबाई दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी संघप्रिया पुण्याला कंपनीत. ती दर रविवारी रात्री साडेआठला फोन करायची. कुसुमबाई होती तोवर फोन तिच्या कानाला असायचा आणि गुरुजी शेजारी बसून "जेवली का विचार" एवढं सांगायचे. ती गेल्यावर फोन थेट गुरुजींच्या कानाला आला, तेव्हा बाप-लेकीच्या ध्यानात आलं की आपण आजवर एकमेकांशी बोललोच नाही, कुसुमबाईमार्फत निरोप धाडत आलो. तब्येत, जेवण, पाऊस. चार मिनिटांत विषय संपायचे. मग ती म्हणायची, ठेवू का, आणि ते म्हणायचे, ठेव.

आता त्या एका तासाचं सांगायचं तर तो वर्षावासातला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला विहारात धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं, आणि वाचायचे गुरुजी. एक-दोन नव्हे, सत्तावीस वर्षं. दिवसभर रानात राबून आलेल्या बाया, दोन-चार म्हातारे, पेंगणारी पोरं, अशी वीसेक माणसं सतरंजीवर बसायची. सगळ्यांत पुढं भिंतीला टेकून कस्तुराबाई. वय ऐंशीच्या पुढं, अक्षराशी ओळख नाही, पण गुरुजींनी गडबडीत एखादी ओळ गाळली की तिची काठी फरशीवर आपटायची. गुरुजींना शाळेत कधी साहेबाची भीती वाटली नाही, पण या बाईची वाटायची.

पाच वाजल्यापासूनच गुरुजी घरात घसा साफ करायला लागायचे. दिवसभर न वापरलेला आवाज एकदम बाहेर काढला तर चिरकतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. मग भिंतीकडं तोंड करून दोन-चार वाक्यं म्हणायची, पाणी प्यायचं, परत म्हणायची. कुणी बघितलं असतं तर गुरुजींना लागीर झालं म्हणालं असतं. बघायला कुणी नव्हतं, हे एका अर्थी बरंच होतं.

डोळ्यांनी मात्र दगा दिला. कुसुमबाई गेली त्याच वर्षी पडद्याचा आजार निघाला. चष्म्यानं त्यावर काही होत नाही. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. ग्रंथाची अक्षरं तर मुंग्यांसारखी पळून जायची. तेव्हा संघप्रियानं स्वतःचा जुना लॅपटॉप आणून दिला. पंधरा दिवस रजा काढून तिनं ग्रंथाचं पान न पान त्यात भरलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी, बोट-बोटभर अक्षरं उमटतील असं करून दिलं. एका वेळी चारच ओळी दिसायच्या, पण मान जरा तिरकी केली की गुरुजींना त्या स्वच्छ वाचता यायच्या. कागदावर एवढं मोठं छापून घ्यावं तर ग्रंथ पोत्यात भरून बैलगाडीनं न्यावा लागला असता.

त्यानंतर दोन वर्षांनी, भादव्यात, भीमनगरची डीपी जळाली. डीपी जळाली म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला, आणि नवा कधी येणार हे विचारू नये. वायरमन रोज "वरून आला की बसवतो" म्हणायचा आणि वर बघायचा, जणू तो आभाळातूनच पडणार होता. विहारातला इन्व्हर्टर आदल्या पावसाळ्यातच वीज पडून गेला होता. लॅपटॉपची बॅटरी सहा वर्षांची म्हातारी. आजवर तो विहारातल्या प्लगला लावलेला असायचा, म्हणून तिचं वय कळलं नव्हतं. आता गावाच्या दुसऱ्या अंगाला, जिथली डीपी शाबूत होती, तिथल्या दत्तरावाच्या पिठाच्या गिरणीत लॅपटॉप चार्ज करायचा आणि त्या एका चार्जिंगवर संध्याकाळचा तासभर काढायचा, असं सुरू झालं.

चौथ्या दिवशी, शनिवारी, वाक्याच्या मधोमध पडदा काळा झाला. गुरुजी थांबले. कंदिलाच्या उजेडात माणसं बघत राहिली. गुरुजींनी बटण दाबून बघितलं, काही नाही. विहार कमिटीचा सेक्रेटरी नागसेन, परभणीला खताच्या दुकानात कामाला असणारा पस्तिशीचा गडी, उठून पुढं आला. त्याच्या फोनमध्ये ग्रंथाचं वाचन होतं, कुणीतरी शहरात रेकॉर्ड केलेलं. लिंबाएवढा स्पीकर सतरंजीवर ठेवून त्यानं जिथं राहिलं होतं तिथून लावून दिलं. आवाज स्वच्छ होता. खाकरणं नाही, अडखळणं नाही. माणसं शेवटपर्यंत बसून ऐकत राहिली. कस्तुराबाईची काठी एकदाही वाजली नाही, आणि गुरुजींच्या मनाला लागलं ते नेमकं हेच.

निघताना नागसेन म्हणाला, "गुरुजी, तुमी कशाला तरास करून घेता? डोळ्याला आराम द्या आता. रोज ह्याच्यावर लावत जाऊ."

पोरगा वाईट नव्हता. खरं तर मायेनंच बोलला होता, आणि मायेनं बोललेल्याला रागावता येत नाही, ही खरी पंचाईत. गुरुजी म्हणाले, "उद्या मी वाचतो. लॅपटॉप फिरून एकदा बंद पडला, की मग लाव तुझा स्पीकर. मी न्हाई म्हणणार न्हाई."

बोलून गेले खरे, पण घरी येईपर्यंत एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. हा तास गेला तर आपण कुणाशी बोलायचं? त्यांनी मनातल्या मनात गाव पालथं घातलं. "जयभीम" आणि "मजेत हाय" याच्या पुढं बोलता येईल असं एकही दार सापडलं नाही.

रविवारी त्यांनी बॅटरीच्या धाकानं तासाचं वाचन चाळीस मिनिटांत उरकलं. एस.टी. सुटत असल्यासारखे धापा टाकत वाचले. कस्तुराबाईनं तीनदा काठी आपटली. घरी येऊन, जेवण उरकून बसतात न बसतात तोच संघप्रियाचा फोन आला, आणि तब्येत, जेवण, पाऊस झाल्यावर ती "ठेवू का" म्हणायच्या आत गुरुजी म्हणाले, "लॅपटॉपची बॅटरी दम धरंना गेलीय बघ."

त्या एका वाक्यानं चमत्कार झाला. संघप्रियाचा आवाजच बदलला. किती मिनिटं चालतो, कोपऱ्यातला आकडा कितीवर असताना बंद पडतो, वाय-फाय चालू असतं का, आणखी काय काय उघडं असतं, ती एकामागून एक विचारत गेली आणि गुरुजी परीक्षेला बसलेल्या पोरासारखी उत्तरं देत गेले. मग तिनं विचारलं, चार्जिंगला लावता तेव्हा कुठं ठेवता. गुरुजींनी अभिमानानं सांगितलं, की गिरणीत पीठ उडतं, तेव्हा आपण लॅपटॉप आधी लुगड्यात गुंडाळतो, वरून गोधडी घालतो आणि मग फळीवर ठेवतो. पिठाचा कणसुद्धा आत जात नाही.

मग तिनं विचारलं, "कुणाच्या लुगड्यात?"

"तुझ्या आईच्या. धुतलेलं हाय."

संघप्रिया हसली की रडली हे फोनवर कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं, की बॅटरीला थंडी वाजत नसते, उलट गरमीनंच तिचा जीव जातो. गोधडीत घालून आपण रोज तिला ताप आणत होतो. लुगडं नको, गोधडी नको, गिरणीच्या मागं पीठ येत नाही अशा ओट्यावर उघडा ठेवायचा, खाली दोन लाकडाच्या पट्ट्या घालायच्या म्हणजे वारा खेळेल. वाय-फाय बंद, ब्लूटूथ बंद, ग्रंथ सोडून सगळं बंद. पेन ड्राइव्ह उगाच खोचलेला होता, तो काढायचा. बटणांखालचा उजेड घालवायचा. आणि सगळ्यांत जास्त चार्जिंग खातो तो पडद्याचा उजेड, तो निम्म्यावर आणायचा. फोन पस्तीस मिनिटं चालला. कुसुमबाई गेल्यापासून एवढं बोलणं झालं नव्हतं. त्या दिवशी गुरुजींना बॅटरी म्हातारी झाल्याचा मनापासून आनंद झाला.

बाकीचं सगळं जमलं, उजेडाचं जमेना. निम्म्यावर आणला की अक्षरं राखेत मिसळल्यासारखी व्हायची. पूर्ण उजेडावर पन्नास मिनिटं, निम्म्यावर दीड तास, पण निम्म्यावर वाचताच येत नाही. हे गुरुजींनी संघप्रियाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं डोळ्याचा विषय काढला असता, मग एकटं राहण्याचा काढला असता, आणि शेवटी पुण्याला चला म्हणाली असती. पुण्याला चौथ्या मजल्यावर ती सकाळी आठला जाऊन रात्री आठला येणार. तिथं तर जयभीम घालायलाही कुणी नाही.

मग त्यांनी मास्तरी अक्कल चालवली. पोरांना कविता पाठ करून घ्यायची जी रीत, ती स्वतःला लावली. सकाळी दहाला गिरणीमागच्या ओट्यावर जायचं. लॅपटॉप प्लगला असतो, तेव्हा उजेड पूर्ण ठेवला तरी खर्च नाही. संध्याकाळी जे वाचायचं ते तिथं पाच-पाच, सहा-सहा वेळा मोठ्यानं म्हणायचं. आत गिरणीचा घरघराट असल्यामुळं कुणाला ऐकू जात नव्हतं. एकदा दत्तराव घाम पुसत मागं आला आणि बघत राहिला. "गुरुजी, गिरणीला शिकवायलाव का?" त्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले, हो, आणि पोरांपेक्षा जास्त लक्ष देते.

पाठांतर मुरत गेलं तसा संध्याकाळच्या वाचनाला त्यांनी पडद्याचा उजेड आठवड्या-आठवड्यानं उतरवत पावावर आणला. पडद्यावर गुरुजींना दिसायचा नुसता करडा धूर आणि त्यातला परिच्छेदाचा पहिला जाड शब्द. तेवढा पुरायचा. शब्दाचं टोक हाती लागलं की पुढचं आपसूक यायचं. लोकांना वाटायचं गुरुजी वाचतात. गुरुजींनाही बोटांनी पान सरकवताना थोडं तसंच वाटायचं. वाचन संपायचं तेव्हा पहिल्या आठवड्यात नऊ टक्के उरायचे, दुसऱ्यात बावीस, तिसऱ्यात तीस. गुरुजींना आकडाही वाचता यावा म्हणून संघप्रियानं फोनवरून काय दाबायचं ते सांगून तोही वाढवून दिला होता. रविवारी ते आकडा सांगायचे, ती खूश व्हायची, आणखी एखादी युक्ती सांगायची. अर्धा तास कसा गेला कळायचं नाही. स्पीकर नागसेनच्या खिशातच राहिला.

त्या वर्षी आश्विन पौर्णिमा रविवारी आली. डीपी अजून आलेली नव्हती. समाप्तीला बाया पांढरी लुगडी नेसून आल्या, सतरंजी अपुरी पडली, बाहेर ओसरीवर माणसं बसली. शेवटचं प्रकरण लांबलचक, सव्वा तासाचं, म्हणून सुरुवात सहालाच केली. गुरुजी सावकाश वाचले. कुठं अडखळले नाहीत, कुठं घाई केली नाही. कस्तुराबाईनं काठी आडवी ठेवून दिली होती. संपल्यावर नागसेननं वाकून कोपऱ्यातला आकडा वाचला आणि म्हणाला, "एक्केचाळीस राहिली. मानलं गुरुजी तुमाला." खीर वाटली गेली. माणसं बोलत, हसत घरोघर गेली. नागसेननं कुलूप लावलं.

गुरुजी लॅपटॉप छातीशी धरून टोकाच्या घराकडं निघाले. त्यांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पैज जिंकली होती. पण आता आषाढापर्यंत वाचन नाही, हे विहाराचं दार लागताना त्यांच्या ध्यानात आलं. नऊ महिने. नऊ महिने घसा साफ करून करायचं काय?

साडेआठला फोन आला. त्यांनी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. एक्केचाळीस ऐकून संघप्रिया लहान पोरीसारखी खूश झाली. म्हणाली, म्हणजे सुटला बाबा प्रश्न, आता बॅटरीची काळजी मिटली. मग तब्येत झाली, जेवण झालं, पावसानं सोयाबीन भिजलं ते झालं. आणि ती म्हणाली, ठेवू का.

गुरुजींनी जन्मात खोटी हजेरी मांडली नव्हती. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालं, "एक बटन अडकायलंय."

कोणतं, तिनं विचारलं. गुरुजींनी अंधारात बोट फिरवलं आणि सांगितलं, 'क'चं. संघप्रिया म्हणाली, हात्तिच्या, मी आत्ताच नवा कीबोर्ड मागवते, परभणीला एक दुकान शोधून ठेवते, तिथं अर्ध्या तासात बसवून देतील, बुधवारपर्यंत मिटेल. पोरगी हुशार. तिच्यापुढं कोणताही बिघाड तीन दिवसांवर टिकत नव्हता. गुरुजींनी हात टेकले.

"संघप्रिया," ते म्हणाले, "बटन चांगलं हाय. मी खोटं बोललो. बॅटरी सुधरली, आता तुला माझ्याशी बोलायला काय राहिलं, म्हणून बोललो."

ती म्हणाली, "बाबा, ती एक्केचाळीस टक्के हाय ना? तेवढ्यात मला वाचून दाखवा. मी कधी ऐकलंच न्हाई तुमचं."

खरंच ऐकलं नव्हतं. पाचवीपासून ती वसतिगृहात. वर्षावास यायचा तो शाळेच्या दिवसांत.

गुरुजींनी लॅपटॉप उघडला आणि दीड महिन्यात पहिल्यांदा, प्लग नसताना, पडद्याचा उजेड पार शेवटपर्यंत चढवला. खोली उजळली. अक्षरं पांढरीशुभ्र उभी राहिली. शाळेतल्या सवयीनं ते मोठ्यानं म्हणाले, "पान एक," आणि वाचायला लागले. कोपऱ्यातल्या आकड्याकडं त्यांनी बघितलं नाही. पान दोन, पान तीन. आवाज विहारात लागत नव्हता असा लागला. मधे कुठं कुसुमबाईची आठवण आली, तर थांबले, पाणी प्याले आणि पुढं गेले. चौदाव्या पानावर लॅपटॉप विझला.

"ऐकतीस ना?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. झोपली असंल, त्यांना वाटलं. त्यांनी फोन उचलला, दाबला, पुन्हा दाबला. फोन मेलेला होता. समाप्तीच्या काळजीपायी दिवसभर गिरणीतला एकुलता प्लग लॅपटॉपलाच दिला होता, फोन चार्ज करायचं साफ राहून गेलं होतं. एक बॅटरी जपता जपता दुसरी संपली. कधी संपली? पहिल्याच ओळीला, की आत्ता? ते कळायला मार्ग नव्हता. कदाचित आपण चौदाच्या चौदा पानं भिंतीलाच वाचून दाखवली. घरात काळोख होता आणि त्या काळोखात गुरुजी पोरकं झाल्यासारखे बसून राहिले. कुसुमबाई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून तेव्हा एवढं जाणवलं नव्हतं.

सकाळी दत्तरावाच्या आधी गुरुजी गिरणीच्या पायरीवर हजर होते. लॅपटॉप आणि फोन दोन्ही पिशवीत. दत्तरावानं कुलूप काढून आधी फोन प्लगला लावला. पाच-सात मिनिटांत तो जागा झाला आणि वाजतच सुटला. गुरुजींनी तो दत्तरावापुढं धरला.

"मिसकॉल हायत गुरुजी," दत्तरावानं डोळे बारीक करून बघितलं. "अकरा. समदे पोरीचेच. शेवटचा पहाटं पाचचा." मग एक मेसेज होता, तो त्यानं बोट ठेवून वाचला. "फोन बंद पडला बाबा. पान सातपर्यंत ऐकलं. आठवं राहिलं."

दत्तरावानं तिचाच नंबर लावून दिला आणि गिरणी सुरू करायला आत वळला. गुरुजींनी त्याला हात करून थांबवलं. वार सोमवार होता. लॅपटॉप पिशवीत विझलेलाच होता, पण रात्रीचं पान अजून तोंडावर होतं. पलीकडून "बाबा" असा आवाज आला, तसे ते घसा न खाकरता म्हणाले, "पान आठ."